चौकटीत फक्त मी

"आई, तुझे पैसे बँकेत नुसते पडून आहेत," असं माझा मुलगा जेवताना म्हणाला आणि मी ओळखलं, की ह्याला नवी गाडी घ्यायची आहे. आईला मुलाच्या मनातलं आपोआप कळतं म्हणतात, तसलं काही नव्हतं ते. शेजारच्याने गाडी घेतल्यापासून हा रोज सकाळी गॅलरीत उभा राहून खाली बघत बघत दात घासायचा, आणि इतका वेळ घासायचा, की मला त्याच्या दातांची काळजी वाटायला लागली होती.

पैसे पडून होते हे खरं. पण ते मला रस्त्यावर पडलेले सापडले नव्हते. शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायचं माझं दुकान होतं. गुडघ्यांनी संप केला तेव्हा ते बंद केलं, मशिनी विकल्या आणि जे हातात आलं ते बँकेत ठेवलं. जन्मभर पायाने मशीन मारून मिळवलेले पैसे आता जरा पडून राहिले तर कुणाचं काय बिघडलं? हल्ली दुपारी मीही पडूनच असते. उद्या हा म्हणेल, आई नुसती पडून आहे, हिलाही कुठेतरी लावून टाकू या.

मुलगा वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात उचलत नाही. एवढ्यावर आपल्याकडे मुलाला चांगलाच म्हणतात. पण त्याचं एक वाक्य मला फार लागतं. "आई, तू फक्त सही कर, बाकी मी बघतो." ह्याच्या शाळेची फी थकली तेव्हा मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर मी उभी होते. ह्याच्या लग्नाच्या हॉलवाल्याला मी घाम फोडला. तेव्हा बाकीचं बघायला कुणी पुढे आलं नाही. आता मात्र मी फक्त सही करायची, रबरी शिक्क्यासारखी. म्हणून मी ठरवलं, की त्याने दुसऱ्यांदा विषय काढायच्या आत हे पैसे अशा ठिकाणी जायला हवेत जिथे माझ्याशिवाय कुणाचा हात पोहोचणार नाही. आणि हे कुणाला कळता कामा नये.

आमच्या इमारतीत एखादी गोष्ट कुणाला कळायला नको असेल, तर ती कुणालाच विचारायची नसते. मी दोघांनाच विचारली.

खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे व्याजकाका म्हणतात, कारण हवापाण्याचा विषय काढला तरी ते दोन वाक्यांत मुदत ठेवीवर येतात. पैसे म्युच्युअल फंडात घालते म्हटल्यावर त्यांनी कानावर हात ठेवले. म्हणाले, वहिनी, म्हणजे आपले पैसे एका अनोळखी माणसाच्या हातात द्यायचे, त्याने ते आणखी अनोळखी माणसांच्या कंपन्यांत घालायचे, आणि वर गेले की आपलं नशीब, खाली आले की आपलं कर्म. मी त्यांना सांगितलं, की मुलाला मी जन्मापासून ओळखते, म्हणून तर अनोळखी माणूस शोधतेय.

दुसरी समोरची पार्लरवाली. ती म्हणाली, मावशी, हे सगळं मोबाईलवर होतं, घरातल्या घरात, कुणाला पत्ता लागत नाही. तिने तिथल्या तिथे माझ्या मोबाईलवर फंडाचं अॅप टाकून दिलं. अॅपवर एक झाड होतं आणि त्याला पानांच्या जागी नाणी लागली होती. असं झाड मी तरी कुठे बघितलेलं नाही, पण माणसाने लावायला काय हरकत आहे. खुर्चीत एक बाई चेहऱ्यावर लेप वाळवत बसली होती. तिला बोलायची मनाई होती तरी तिने ओठ न हलवता मला सांगितलं, की लार्ज कॅप घ्या, मोठ्या कंपन्या बऱ्या, मिड कॅपच्या वाटेला जाऊ नका. ती कोण हे मला अजून माहीत नाही. लेप धुतल्यावर भेटली असेल तर मी ओळखलंही नसेल. पण माझं गुपित मात्र तिला ठाऊक.

पहिली ठेच नावाला लागली. अॅप म्हणालं, ओळखपत्रावर आहे तेच नाव भरा. आता माझ्या एका ओळखपत्रावर मी सासरची आहे, दुसऱ्यावर माहेरची, आणि बँकेतलं खातं दुकानाच्या नावाने चालू झालेलं. तीन कागदांवर तीन बायका, आणि तिघींचं एकमेकींशी पटत नव्हतं. मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. एका गोड आवाजाच्या मुलीने सांगितलं, मॅडम, आधी आपण नक्की कोण आहात हे निश्चित करावं लागेल. मी म्हटलं, बाई, सासूबाईंनीही तेच करून बघितलं, त्या थकल्या.

मग सरकारी खिडकी. काचेमागच्या माणसाने तिन्ही कागद असे लांब धरले, जसे काही त्यांना वास येतो. म्हणाला, ह्या तिघी एकच आहेत ह्याला पुरावा काय? मी म्हटलं, तुमच्यासमोर उभी आहे. तो म्हणाला, उभं राहणं चालत नाही, कागद हवा. नवऱ्याला घेऊन या. नवरा वारला म्हटल्यावर त्याला हायसं वाटल्यासारखं दिसलं; म्हणाला, मग मृत्यूचा दाखला आणा. तो मात्र एकदम चोख निघाला. त्यात त्यांचं नाव बरोबर, माझं नाव बरोबर, पत्ता बरोबर. माणूस गेला की त्याचे कागद जागेवर येतात, घोटाळे सगळे जिवंतपणीचे. त्या दाखल्याच्या जोरावर मी एक बाई ठरले. आमच्या ह्यांनी आयुष्यात माझं एकही काम वेळेवर केलं नाही, ते असं एकदम केलं.

पण त्यांनी लगेच ते भरून काढलं, ते कसं सांगते.

पुढची पायरी व्हिडिओची होती. उजेडात बसा, कॅमेऱ्याकडे बघा, चौकटीत फक्त तुम्हीच असाव्यात. दुपारची वेळ निवडली. मुलगा ऑफिसात, नातवंडं शाळेत, सून आतल्या खोलीत इमारतीतल्या सकाळच्या शाळेच्या पोरांची शिकवणी घेत बसलेली. सुनेची मला काळजी नव्हती. ती बोलतच नाही. घरात तिला सगळे गरीब समजतात, मीही समजते, आणि अशी सून मिळाल्याबद्दल नातेवाईक माझं अभिनंदन करतात, जणू मीच ती शिवली.

उजेड आमच्या घरात एकाच खुर्चीवर पडतो. तिथे बसले, केस सारखे केले, मोबाईल समोर धरला. उत्तर आलं, एकापेक्षा जास्त चेहरे आढळले. मागे वळून बघितलं, कुणी नाही. दार लोटलं, पुन्हा बसले. पुन्हा तेच. मला वाटलं सून डोकावली असेल, पण आतून पाढ्यांचा आवाज येत होता. मग नीट बघितलं, तर माझ्या चेहऱ्याभोवती एक हिरवा चौकोन, आणि खांद्यामागे आणखी एक हिरवा चौकोन. त्यात आमचे हे. भिंतीवरच्या फोटोतून सरळ कॅमेऱ्याकडे बघत होते.

हयात असताना हा माणूस एकदाही माझ्याबरोबर बँकेत आला नाही. रांगेत उभं राहायचा त्यांना कंटाळा. आणि आता, त्यांना न विचारता करायची म्हणून मी एक गोष्ट काढली, तर बरोबर येऊन मागे उभे. क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण अॅपला बरं वाटत नव्हतं. फोटो काढायला खिळा उंच, गुडघे काही स्टुलावर चढायला तयार होईनात. शेवटी झाडूच्या दांड्याने फोटो तसाच फिरवला, तोंड भिंतीकडे.

मग अॅप म्हणालं, डोळे मिचकवा. आता मी कुणासमोर डोळे मिचकवणारी बाई नाही. माझ्या डोळ्याला डोळा भिडवायला घाऊक कापडवाले घाबरायचे. पण केलं. म्हणालं, दिसलं नाही, पुन्हा मिचकवा. मी पुन्हा मिचकवले, जरा हसून, म्हटलं हसल्यावर तरी दिसेल. तेवढ्यात दार ढकलून नणंद आत आली.

तिने काय बघितलं असेल ते तिच्या जागी उभं राहून बघा. तिचा भाऊ भिंतीकडे तोंड करून टांगलेला, आणि भावजय भर दुपारी केस विंचरून मोबाईलकडे बघून हसत डोळे मिचकावतेय.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "दादाने काय केलं होतं गं तुझं?"

खरं सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, भिंतीला ओल येतेय का ते बघत होते. ती म्हणाली, फोटोला दाखवून? आणि चहा न घेता गेली, जे तिने आयुष्यात केलेलं नाही. मी व्हिडिओ पुरा केला आणि फोटो सरळ केला. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत निकाल लागला होता, की मला ह्या वयात कुणीतरी भेटलं आहे. एका चुलतदिरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते मोठ्या मनाने म्हणाले, की माणूस चांगला असेल तर आमची काही हरकत नाही, फक्त घराच्या कागदांवर त्याचं नाव लावू नका. मी त्यांचे आभार मानले. काय करणार, गुपित तर राखायचं होतं.

सहीचं प्रकरण लांबवत नाही. कोऱ्या कागदावर सही करून फोटो पाठवायचा होता. माझी सही मी दुकानाच्या पावत्यांवर घाईत करायची, गिऱ्हाईक समोर उभं असायचं. शांतपणे करायला गेले तर ती येईचना. शेवटी गॅसवर दूध ठेवलं, ते वर यायला लागल्यावर धावत येऊन सही केली. जुळली. दूध गेलं.

मग एक परीक्षा होती. तुमची जोखीम घेण्याची तयारी किती, म्हणून प्रश्न. त्यातला एक असा, की तुमच्या गुंतवणुकीची किंमत महिन्याभरात बरीच घसरली तर तुम्ही काय कराल. सगळं विकाल, थोडं विकाल, वाट बघाल, की आणखी घ्याल. ज्याने घसरवली त्याच्या दुकानी जाऊन बसेन, हे उत्तर त्यात नव्हतं. मी विचार केला, कापडाचा भाव पडला की मी काय करायचे? गठ्ठेच्या गठ्ठे उचलायचे. तेच लिहिलं. बाकीच्या प्रश्नांनाही जे मनात आलं ते सांगून टाकलं. अॅपने थोडा विचार केला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, आपण आक्रमक आहात. जे घरात इतकी वर्षं कुणी तोंडावर बोलायची हिंमत केली नाही, ते ह्या झाडाने ओळख नसताना बोलून दाखवलं.

आणि मग मी बटण दाबलं. पैसे गेले. एका टिचकीत. नेम चुकून कात्री चांगल्या कापडात गेल्यावर होतं तसं झालं. पण लगेच वाटलं, केलं, आणि माझं मी केलं. मी फोटोतल्या ह्यांच्याकडे एकदा बघून घेतलं आणि आडवी झाले.

आता ह्यात मी एक विसरले होते. बँकेत माझ्या खात्याला माझ्याबरोबर मुलाचाही मोबाईल नंबर जोडलेला होता. बाकी मी बघतो म्हणणाऱ्याने तेवढं मात्र बघून ठेवलं होतं.

तासाभरात मुलगा ऑफिसातून धापा टाकत घरी आला. "आई, तुला कुणाचा फोन आला होता का? तू कुणाला काही सांगितलंस का?" माझं बोट धरून बोलत होता, जसं त्याच्या लहानपणी मी त्याचं धरायचे. मी काही बोलायच्या आत त्याने सांगून टाकलं, की घाबरू नकोस, मी बँकेला कळवलंय, तुझं खातं बंद करून टाकलंय, तक्रारही नोंदवलीय, चोर सापडेल.

मी म्हटलं, सापडला. मीच आहे.

त्याचा चेहरा असा झाला, की मला वाईट वाटलं. पैसे चोराने नेले असते तर तो माझ्या बाजूने लढला असता. आईने नेले म्हटल्यावर त्याला लढायला कुणी उरलं नाही. म्हणाला, म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही. मी म्हटलं, गाडी घ्यायचा विचार नव्हता म्हण, माझ्या डोळ्यांकडे बघून म्हण. तो डोळ्यांकडे बघेना.

बँकेने खातं उघडायला आणखी कागद मागितले ते मी सांगत बसत नाही. त्या तिन्ही बायका पुन्हा एकदा जिवंत झाल्या, एवढं पुरे.

पण खरी गंमत पुढेच. अॅपवर निरोप आला, की आपण नॉमिनी नेमलेला नाही, तो नेमा, नाहीतर व्यवहार थांबतील. नॉमिनी म्हणजे तुम्ही मेल्यावर हे कुणाला. आणि हे मुलाने माझ्या मोबाईलवर वाचलं. त्या दिवसापासून आमच्या घरात इतका गोडवा आला, की मला साखर तपासून घ्यावीशी वाटली. मुलगा विचारायला लागला, आई, गुडघे कसे आहेत. परगावच्या लेकीचा रोज फोन यायला लागला. एरवी तिला मी आठवते ते लोणच्यात मीठ किती घालायचं विचारताना.

रविवारी बैठक झाली. मी बोलावली नव्हती. मुलगा होता, लेक मुलाच्या मोबाईलच्या स्पीकरवर टेबलावर ठेवलेली होती, नणंद सहज आली होती, आणि व्याजकाका वर्तमानपत्र परत करायला आले ते दारातच उभे राहिले. मुलाचं म्हणणं, की माझं एकट्याचं नाव घाल, मी इथेच असतो, तुला सोपं पडेल. मी मेल्यावर मला काय सोपं पडणार ते त्याने सांगितलं नाही. लेक म्हणाली, मला काहीच नको, फक्त नाव असू दे. मुलगा म्हणाला, नाव म्हणजे टक्के टाकावे लागतात आणि सगळे मिळून शंभर व्हायला लागतात. लेक म्हणाली, मग पन्नास टाक, मला कुठे काही हवंय. नणंद म्हणाली, माझं काही नाही, पण दादा असता तर बहिणीला विसरला नसता. व्याजकाका दारातून म्हणाले, मुदत ठेव असती तर हा प्रश्न अमुक तारखेलाच आला असता.

सुनेने सगळ्यांना चहा दिला आणि आत गेली. चहा निवला तरी कुणी घेतला नाही. माझ्या मरणाचं सगळं ठरलं, कुणाला किती, कसं, कुठल्या खात्यात. मी कधी मरायचं, तेवढंच राहिलं होतं, आणि मला वाटतं चहा गरम असता तर तेही ठरलं असतं. मी समोर बसले आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

मी मोबाईल घेतला. नॉमिनी निवडायच्या यादीच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणखी एक वाट लिहिली होती. मला नॉमिनी नेमायचा नाही. मी ती दाबली.

त्यालाही व्हिडिओ लागतो. एक वाक्य पडद्यावर येतं, ते मोठ्याने वाचायचं. चौकटीत फक्त तुम्हीच असाव्यात. मी सगळ्यांना सांगितलं, जरा बाजूला व्हा. मुलगा कपाटाला चिकटला, नणंद पडद्याआड, व्याजकाका दाराच्या चौकटीत, लेकीला मी टेबलावर पालथी घातली. आणि मी वाचलं, "मी शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली न येता जाहीर करते, की मला कोणालाही नॉमिनी नेमायचं नाही."

अॅप म्हणालं, आवाज स्पष्ट ऐकू आला नाही, पुन्हा बोला.

खाली पाण्याची मोटर चालू होती. मी पुन्हा वाचलं, जरा चढ्या आवाजात. पुन्हा तेच उत्तर. मुलगा म्हणाला, आई, राहू दे. मी आणखी आवाज चढवला. समोर पार्लरचं दार उघडलं. टेबलावरून लेक विचारायला लागली, आई कुणावर ओरडतेय. शेवटी मी उभी राहिले, दुकानात शाळा सुरू व्हायच्या दिवसांत गर्दीवर ओरडायचे तसा आवाज काढला, आणि नेमकी तेव्हाच मोटर बंद पडली. सगळी इमारत गप्प आणि त्यात माझं एकटीचं, "मला कोणालाही नॉमिनी नेमायचं नाही."

धन्यवाद, अॅप म्हणालं, आपली नोंद झाली आहे.

व्याजकाकांनी वर्तमानपत्र तसंच परत नेलं. नणंद बराच वेळ पर्समध्ये किल्ली शोधत होती, आणि किल्ली तिच्या हातातच होती. लेकीने फोन ठेवला होता. मुलगा गॅलरीत जाऊन उभा राहिला, पण ह्या वेळी खाली बघत नव्हता. मी जिंकले होते आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

सून भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मोटर चालू असताना करायचं नसतं ते. सकाळी पाणी भरून झालं की शांत असतं. अगदी हळू बोललं तरी घेतं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "तुला काय माहीत?"

"मी केलं ना. मागच्या वर्षी."

"कशाचं?"

"शिकवणीचे पैसे. थोडे थोडे टाकते." आणि तिने सुरी धुवायला घेतली.

माझ्या घरात सुई पडली तर मला ऐकू येते, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. माझं गुपित त्या लेपवाल्या बाईपासून चुलतदिरांपर्यंत साऱ्या जगाला कळलं, आणि हिने माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच गॅसशेजारी उभं राहून, शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली न येता, तेच वाक्य म्हटलं आणि मला पत्ता नाही. लपवलं ह्याचा राग आला नाही. एवढ्या हळू आवाजात जमवलं, ह्याचा आला. शिवाय ज्याच्यापासून लपवलं तो माझ्या पोटचा. आता कुणाची बाजू घ्यायची, हा प्रश्न माझ्यासमोर उभा होता.

तेवढ्यात तोच आत आला. डोळे लाल होते. म्हणाला, "सगळ्यांसमोर एवढं करायची काय गरज होती, आई? हिच्याकडून शिक जरा. इतकी वर्षं झाली लग्नाला, हिने माझ्यापासून कधी एक गोष्ट लपवली नाही."

मी सुनेकडे बघितलं. तिने भाजीत मीठ घातलं आणि झाकण ठेवलं.

"खरं आहे बाबा," मी म्हटलं. "शिकायलाच हवं हिच्याकडून."